घरगाडीची डावी बाजू

ये गं सुनंदा, अशी जवळ बस. चार महिन्यांनी तोंड दाखवतेस आणि चपला काढायच्या आत विचारतेस, "मावशी, कोकणात जायचंय, टायरमध्ये किती हवा भरू?" अगं, गाडीत कोण बसणार, काय काय भरणार, ते आधी सांगशील की नाही? नुसता आकडा हवा असेल तर गाडीच्या पुस्तकात बघ. पुस्तकात बघून निघालेल्या एका साहेबांना मी वाटेतच अडवून धरलं होतं, ते ऐक आधी.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आपलं टायरचं दुकान तेव्हा मुलुंडला, आग्रा रोडवर. जॅक घसरला आणि तुझ्या काकांची कंबर कायमची धरली, तेव्हापासून दुकानात मीच. मे महिन्यात एकदा सकाळी दहाच्या सुमाराला दारात एक घर येऊन उभं राहिलं. खरंच घर! लष्कराच्या डिस्पोजलमधला, म्हणजे लिलावात काढलेला जुना ट्रक, त्याच्या सांगाड्यावर सुताराकडून बांधून घेतलेली सागवानी खोली, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. आत ओटा, फडताळ, झोपायला बाक. हल्ली तुम्ही मोटरहोम म्हणता. आम्ही घरगाडी म्हणायचो.

मालक घाटकोपरचे देवधरसाहेब. ऑफिसात हेड ड्राफ्ट्समन होते, नुकते रिटायर झालेले. बायको, आई, दोन मुली आणि तीन नातवंडं घेऊन नाशिकला निघाले होते.

"बाई, मागच्या टायरांतली हवा जरा कमी करा," खाली उतरत साहेब म्हणाले. "सकाळी मी स्वतः पंचावन्न पौंड भरली. आता डावा त्रेसष्ट दाखवतोय."

"आणि उजवा?"

"अठ्ठावन्न."

"मग नाही काढायची."

"अहो, पुस्तकात पंचावन्न छापलंय!"

"ते थंड टायरचं, साहेब. आणि रिकाम्या ट्रकचं."

नीट ऐक हं. गाडी पळाली की रबर तापतं. रबर तापलं की आतली हवा फुगते आणि गेज, म्हणजे दाब मोजायची नळी, चढा आकडा दाखवतो. तो बघून हवा काढलीस तर गार झाल्यावर टायर उपाशी. उपाशी टायर पोट काढून चालतो, आणखी तापतो आणि शेवटी फुटतो. उन्हातान्हात गाडी चालवून गेज लावायचा आणि हवा सोडून द्यायची, ही शहाण्यासुरत्या माणसांची चूक. अडाणी माणूस गेज लावतच नाही, त्यामुळे तो तेवढ्यापुरता वाचतो.

पण माझ्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. सकाळी दोन्ही टायर सारखे भरले, रस्ता एक, ऊन एक. मग घाटकोपर ते मुलुंड येईपर्यंत उजवा तीन पौंड चढतो आणि डावा आठ, ते का? डाव्यावर ओझं जास्त. आणि पुढे कसारा घाट. तिथे तो टायर गेला असता म्हणजे? आत आठ माणसं, त्यातली तीन पोरं.

"डावीकडे काय ठेवलंय?" मी विचारलं.

साहेबांनी खिशातून यादी काढली. प्रत्येक वस्तूपुढे वजन. छत्र्यासुद्धा सोडल्या नव्हत्या.

"शेजारच्या लाकडाच्या वखारीत गाडीचा काटा आहे. तिथे घ्या एकदा," मी म्हटलं.

"बाई, माझा जन्म गेला कागदावर वजनं काढण्यात!"

खिडकीतून देवधरवहिनी म्हणाल्या, "मग एकदा काट्यावर काढा. कागदाला काय, तुम्ही सांगाल ते पटतं."

गेलो वखारीत. आधी अख्खी गाडी काट्यावर घेतली, मग नुसती डावी चाकं. यादीपेक्षा नऊ मण जास्त, आणि जवळजवळ सगळं डाव्या अंगाला.

"काटा बिघडलाय तुमचा," साहेब म्हणाले.

वखारवाले पटेल हसले. "लाकडाला बिघडत नाय साहेब, तुम्हालाच बरा बिघडला!"

शोधायला लागलो. ओट्याखाली पाटा-वरवंटा निघाला, त्याच्यामागे तांदळाचे डबे.

"पाटा घ्यायचा नाही असं ठरलं होतं!"

"मग चटणी कशावर वाटू? तुमच्या ड्रॉइंग बोर्डावर?"

ते झाले दोन मण. उरलेल्या सात मणांचं काय? डाव्या बाकाखाली पत्र्याची टाकी होती. मी वाकून बोटाने टकटक केलं. आवाज भरलेला.

"पाण्याची टाकी आहे," साहेब म्हणाले. "यादीत आहे. पस्तीस पौंड."

"रिकामी?"

साहेबांनी यादी पुन्हा डोळ्यांपुढे धरली. टाकी साठ गॅलनची. एक गॅलन पाणी म्हणजे दहा पौंड. आई कडक सोवळ्याच्या, परक्या घरचं पाणी चालायचं नाही, म्हणून घरच्या विहिरीचं भरून घेतलं होतं. त्या पाण्याला कोणी शिवायचं नाही, म्हणून ते साहेबांच्या यादीलाही शिवलं नाही. आणि ऑफिसात साहेब कसली ड्रॉइंगं काढायचे, माहीत आहे? पाण्याच्या टाक्यांची!

"निम्मं सोडून द्या," मी म्हटलं.

"आईला तुम्हीच सांगा," साहेब हळूच म्हणाले.

मी आजींपुढे हात जोडले आणि सांगितलं. आजी माझ्यावर नाही, लेकावर उखडल्या. "अरे, नाशकात गोदावरी असताना मी विहिरीचं पाणी पिणार आहे का? दोन कळश्या पुरे म्हणत होते मी. तर म्हणे, टाकीचं माप पक्कं झालंय!"

टाकीचा नळ आजींनी स्वतःच्या हाताने सोडला. पाटा आणि तांदूळ उजवीकडे गेले. पुन्हा वजन केलं. गाडी झाडाखाली तासाभरापेक्षा जास्त उभी ठेवली. टायर हाताला गार लागले तेव्हा मागचे दोन्ही साठ पौंडांवर भरले. एका आसाचे दोन्ही टायर सारखे ठेवायचे, आणि ज्या बाजूला भार जास्त तिच्याप्रमाणे. टायरच्या कडेवर जास्तीत जास्त किती ते छापलेलं असतं, त्याच्यावर मात्र जायचं नाही. नाहीतर टायर दगड होतो, ब्रेक मारला की सरकतो.

दहा दिवसांनी मंडळी सुखरूप परत आली. मी डाव्या टायरवरून हात फिरवला. कुठे चीर नाही, फुगवटा नाही. पुढच्या आठवड्यात साहेब एका मित्राला घेऊन आले आणि माझ्यादेखत त्याला समजावू लागले, "हवा नेहमी थंड टायरवरच बघायची. फार थोड्यांना ठाऊक असतं हे."

"हो का?" मी म्हटलं आणि मित्राच्या टायरला गेज लावला.

वजनाच्या बाबतीत माणसं मुद्दाम खोटं बोलत नाहीत गं. ज्याला आपण हात लावत नाही, ते मोजायचं राहून जातं, एवढंच.

तर तू असं कर. कोकणात निघायच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण भरून मुक्कामालाच ये, पोरांना आणि सासूबाईंनाही घेऊन. रात्रभर टायर गार होतील, सकाळी मी गेज लावते. आणि त्याला अजून अवकाश आहे, तोवर या रविवारी नुसतीच ये. लवकर ये गं.