झोका सगळ्यांसाठीच काढला

माझी मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, म्हणून आम्ही तिला नाशिकमधल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. मला विचारलं, "तुम्ही नोकरी करता?"

मी शाळेत शिकवत होते. तसं सांगितलं.

"मग बरोबर आहे. घरात बोलायला कोणी नसेल तर मूल बोलेल कुठून?"

माझे मिस्टर शेजारच्याच खुर्चीत होते. तेही नोकरी करत होते, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, तीन पाळ्यांमध्ये. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

मी नोकरी सोडली. वर्षभर पोरीसमोर बसून घसा बसेपर्यंत बोलत राहिले. गाणी, गोष्टी, भाज्यांची नावं, काय काय. ती माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या बांगड्यांकडे बघायची. मग कुणीतरी सुचवलं म्हणून तिला मुंबईला दाखवलं आणि तिथे 'ऑटिझम' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "यात आईचं काहीही चुकलेलं नसतं." परतीच्या वाटेवर मी रडले असं मिस्टर सांगतात. मला रडणं आठवत नाही. राग आठवतो. एका माणसाने खुर्चीत रेलून एक वाक्य टाकलं आणि मी माझी नोकरी घालवून बसले होते.

आम्ही तेव्हा नाशिकरोडला एका सोसायटीत राहत होतो. चार इमारती, मध्ये मोकळी जागा, आणि तिथे लोखंडी सांगाड्याला साखळ्यांनी टांगलेला एक झोका. माझ्या पोरीचा जीव त्या झोक्यात होता. एरवी ती कान झाकून फिरायची, कपड्याची शिवण टोचली तरी किंचाळायची. झोक्यावर बसली की तिचा चेहरा सैल व्हायचा. हसायचीसुद्धा. मला तिचं हसू दिसायची तेवढी एकच जागा होती.

आधी तक्रार आली ती आवाजाची. दुपारी साखळ्या कुरकुरतात, झोपमोड होते. मिस्टरांनी ग्रीस आणून लावलं. मग तक्रार आली की ती दुसऱ्या मुलांना बसू देत नाही. ते खरं होतं. म्हणून आम्ही तिला दुपारीच न्यायला लागलो, भर उन्हात, खाली कोणी नसताना. मी डोक्यावर पदर घेऊन शेजारी उभी राहायची. संध्याकाळी बाकीची पोरं खाली आली की मी तिला दामटून वर न्यायची आणि खिडक्या लावून घ्यायची, म्हणजे तिचं ओरडणं खाली जायला नको. इतकं सगळं केलं आम्ही. कोणाला त्रास नको, कोणाला त्रास नको, असं म्हणत.

एका सुट्टीत कुणाकडे तरी पाहुणे आले होते. माझी पोर झोक्यावर असताना त्यांचा लहान मुलगा धावत समोर आला, झोक्याची फळी त्याच्या तोंडाला लागली आणि ओठ फाटला. मीच त्याला उचललं, पाणी लावलं, त्याच्या आईची माफी मागितली. ती बिचारी म्हणाली, "अहो, आमचाच मधे आला." पण संध्याकाळी सोसायटीची मीटिंग बसली.

चेअरमन निवृत्त अधिकारी होते. बोलणं अगदी गोड. "आम्हा सर्वांना तुमच्याबद्दल सहानुभूती आहे," अशी सुरुवात केली आणि झोका काढायचं ठरवून टाकलं.

मी उठून म्हटलं, "तिच्याकडे तेवढं एकच आहे."

"वहिनी, गैरसमज नको. सगळ्यांसाठीच काढतोय. म्हणजे भेदभावाचा प्रश्नच येत नाही."

ज्यांच्याकडे मी विरजण मागायला जायचे, ज्यांच्या पोरांना मी फुकट गणित शिकवलं होतं, त्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीने माझा हात धरून मला खाली नेलं. रिकाम्या सांगाड्याखाली ती उभी राहिली. वर बघितलं. मग खांबावर कपाळ आपटायला लागली. मी मधे हात घातला तर माझा हात ठेचला गेला. तिला उचलायची ताकद माझ्यात आता नव्हती, सात वर्षांची होती ती. कशीबशी ओढत नेली, पण आमच्या घरी नाही. चेअरमनच्या घरी. बेल वाजवली. ते क्रिकेट बघत होते.

मी पोरीला त्यांच्या हॉलमध्ये फरशीवर बसवलं. ती गुरासारखी हंबरत होती.

"वहिनी, हे काय?"

"ऐका. मी रोज ऐकते. आज तुम्ही ऐका."

"अहो, पण शेजारी काय म्हणतील?"

"त्यांच्यासाठी दार उघडंच ठेवलंय."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. शेवटी उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. त्यांच्या मिसेस पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याजवळ बसल्या. हळूच म्हणाल्या, "काढायला नको होता हो झोका." मीटिंगमध्ये त्या पहिल्या रांगेत होत्या. मी त्यांचं पाणी प्यायले नाही. पोर दमून शांत झाली तेव्हा उठले.

झोका परत लागला नाही. संध्याकाळी मिस्टरांना सगळं सांगितलं तर ते नुसतं "हं" म्हणाले. रविवारी सातपूरला मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन जाड हूक आणि साखळ्या करून आणल्या, हॉलमधला सोफा बाहेर काढला आणि ड्रिल घेऊन स्लॅबला भोकं पाडली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी आवाजाबद्दल विचारायला आलं. मिस्टर शिडीवरूनच म्हणाले, "तक्रार लिहून द्या." लग्नानंतर त्यांना कोणाशी असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर आमच्या घरी पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. पाहुणेही फार उरले नव्हते.

दोन वर्षांनी आम्ही ते घर विकून दुसरीकडे गेलो. मुलगी आता माझ्याहून उंच आहे. अजून बोलत नाही, पण हवं ते हात धरून दाखवते, आणि तिला काय हवं ते आम्हाला कळतं. "देव अशी मुलं खास आईबापांनाच देतो," असं आजही कोणी म्हणालं की मला त्या माणसाच्या तोंडावर दार आपटावंसं वाटतं.

मध्यंतरी चेअरमन भाजीबाजारात भेटले. म्हातारे झालेत. त्यांनीच हाक मारली. "वहिनी, ओळखलंत का? मुलगी कशी आहे? सुधारली का?"

सुधारली का. जणू ती बिघडलेली होती.

"ती आहे तशीच आहे," मी म्हटलं. "तुम्ही?"

"माझं काय, थोडं बीपी आहे."

त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. मी कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि वळले.