आईनं ओळखावा असा रंग

कुमासी शहरात मयताची पोस्टरं छापणारा ओपोकू रोज सकाळी रंग मोजायचं यंत्र आधी मॉनिटरला, मग छापील कागदाला लावून सॉफ्टवेअरवर दोन्हींचे रंग जुळवून घेई. त्याच्या रंगावर कुणी बोट ठेवलेलं त्याला खपत नसे.

सेरवाआजी धाकट्या बहिणीचं पोस्टर बघून म्हणाल्या, "ही आमची पोकुआ नव्हे."

"फोटोत आहे तस्साच रंग आलाय, आजी. मशीन खोटं बोलत नाही!" ओपोकू तडकला.

"मशीन नाही रे, पोकुआच खोटं बोलायची. तीस वर्षं गोरं व्हायचं क्रीम चोपडलं तिनं." आजींनी आपला काळाभोर हात पुढे केला. "हा रंग लाव. तिकडे आई वाट बघत असेल. तिनं लेकीला ओळखायला नको?"

ओपोकूनं यंत्र उचललं आणि अलगद आजींच्या मनगटावर टेकवलं.