मेडलची फीत

सातवीत पहिली आले तेव्हा भेस्तानच्या आमच्या शाळेत मला मेडल मिळालं. वडील साड्यांच्या कारखान्यात लूम चालवायचे. त्यांनी मेडलकडे पाहिलंच नाही. त्याची लाल फीत उजेडात धरली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "आठे दोन तार तुटेल शेतस." इथे दोन धागे तुटलेत, एवढंच.

मी इतकी चिडले की जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून साडीच्या काठाचा तुकडा आणला आणि आईकडून जुन्या फितीच्या जागी शिवून घेतला. मैत्रिणी हसल्या, म्हणून आठवडाभर मी त्यांच्याशी अबोला धरला. वडिलांशीसुद्धा.

परवा कपाट आवरताना ते मेडल सापडलं. सोनेरी मुलामा उडालाय, शाळेचं नावही वाचता येत नाही. मी फीत उजेडात धरली, उलटसुलट केली. एकही तार तुटलेली नव्हती.