देवीच्या वाट्याचं तेल

देव आहे की नाही, हा प्रश्न आमच्या घरी वडिलांनी पत्रकं छापून कधीच निकालात काढला होता. मीही तशीच पत्रकं लिहिते. देवीच्या नावाने धान्य-तेल अडवून ठेवू नका, असं एक पत्रक मी स्वतः तळोद्याच्या बाजारात वाटलं आहे. त्यामुळे त्या दिवशी घडलं ते सांगताना माझा गोंधळ उडतो. जमेल तसं सांगते.

आईला मधुमेह आहे, इन्शुलिन चालू आहे. साखर उतरली तरी तिचं तिला कळत नाही. एकदा ती पेटत्या गॅसजवळच कोसळली. तेव्हापासून तिच्या दंडावर चिकटपट्टीने सेन्सर लावलेला असतो. साखर उतरू लागली की माझा मोबाइल वाजतो. मुदत संपली की तो काढून नवा लावायचा. पहिला मी एका झटक्यात ओढला. करायचं ते ठामपणे करावं, हीच माझी शिकवण. पण आईची कातडी पातळ. पट्टीबरोबर तिचं सालच निघून आलं. जखम भरायला किती तरी दिवस लागले. दुसरा तिने लावून घेतला, तो बजावूनच, "हाऊ शेवटला."

आईला मोलगीकडच्या एका टेकडीवर देवीला जायचं होतं. मला ते पटत नव्हतं, पण तिला एकटीला सोडवेना. जीप घाटात पंक्चर झाली, सगळे सावलीत उतरलो, आणि तेवढ्यात मोबाइलने सेन्सरची मुदत संपल्याचं कळवलं. नवा पिशवीत होता. मी तिच्या दंडाला हात लावला, तर तिने तो झटकला.

"हात नको लावू मले. कातडं तुन्हं नही ना, म्हणीसन एवढा जोर येस तुले."

"माय, परत पडशी तू."

"पडसू तं पडसू. नवा नही लावसू मी."

मला राग आला, भीती त्याहून जास्त वाटली.

जीपमधली एक म्हातारी ऐकत होती. डोंगरातली, जंगलात डिंक गोळा करणारी. हसत जवळ आली आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "पोरी, भिंतीची गोवरी पण अशी नाही ओढत कोणी!" सगळे हसले. आईसुद्धा.

म्हातारीने टोपलीतून एक बाटली काढली. मोहाच्या बियांचं तेल, या वर्षीचं पहिलं. तोंडाला पान बांधलेलं. डोंगरात नवं तेल देवीला वाहिल्याशिवाय घरातही कोणी वापरत नाही. आणि मी, पत्रकवाली, मीच ओरडले, "आजी, नको! ते देवीचं आहे."

"मग? तिला मी सांगेन वर गेल्यावर," म्हणत तिने पान सोडलं.

पट्टीच्या कडेला तिने बोटाने तेल लावलं आणि नुसती बसून राहिली. मी हात पुढे केला, तर तिने तो धरला. "डिंक हाताला बसला की असंच. तेल जाईल आत. तू थांब." मग एका बोटाने कातडी दाबून धरत तिने पट्टीची कड मागे दुमडली. पुन्हा थेंब, पुन्हा थांबणं. अर्धी सुटल्यावर म्हणाली, "आता तू." आयुष्यात पहिल्यांदाच मी काही न ओढता सोडवत होते.

"निंघी गया?" आईने दंडाकडे पाहिलं. जरासा लालसर ठसा, बस. "मले तं समजनंच नही." आणि तिने आपणहून दुसरा, कोरडा दंड पुढे केला. "लाव आते नवा. पन काढाना येळे असाच काढजो."

कुठल्याही तेलाने पट्टी सैल झाली असती, हे मला ठाऊक आहे. पंक्चर कुठेही होतं, हेही. पण आजीजवळ दुसरं तेल नव्हतं. देवीच्या वाट्याचं तिने अनोळखी बाईच्या दंडाला लावलं, आणि देवीवरचा तिचा विश्वास तसूभरही हलला नाही. माझ्या कुठल्या पत्रकात हे बसतं? माझी रीत मोडली की तिची, की कुणाचीच नाही?

वर देवीपुढे तिने उरलेलं तेल दिव्यात ओतलं आणि तिच्या बोलीत देवीशी बराच वेळ बोलली, मध्येच हसली. बहुधा आमचंच सांगत असावी. आई शेजारी उभी होती, दंडावर नवा सेन्सर घेऊन. माझे हात जोडले गेले. कोणापुढे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ते ठरेपर्यंत हात खाली घ्यावेत, असंही वाटलं नाही.