शिट्टीबाईंची कोलांटउडी

शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाईंना सगळे शिट्टीबाई म्हणत. निवृत्ती जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते, पण ऐट पंचविशीतली. एकदा वर्गातल्या मुली कोलांटउडीला घाबरल्या, तेव्हा "अगं, यात काय आहे? बघा!" म्हणत बाई गादीवर स्वतःच उलटल्या. मान कडकन वाजली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, म्हणून बाईंनी उठून ऐटीत हातही हलवला.

"कौतुकाची हौस, दुसरं काय!" असं त्या पुढे सांगत.

घरी येईपर्यंत मान अवघडली. स्वयंपाकघरात हातातलं पातेलं सुटलं. खुर्चीवर बसल्या, तर उठताच येईना. पाय जणू दुसऱ्या कुणाचे. त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "अहो, इकडे या. तुमची खेळाडू बायको आउट झाली."

एक्स-रेत हाडं शाबूत दिसली आणि नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंनी समजावलं: हिसक्याने मज्जारज्जूला रक्त पुरवणारी नस दुखावली होती, रक्त कमी पडून आतल्या भागाला इजा झाली होती.

"म्हणजे भिंती धड, वायरिंग जळालं," बाई म्हणाल्या.

"सगळं नाही. पण किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही."

खोलीत कुणी नसताना बाई छताकडे बघत रडल्या. डोळे पुसायला हात उठेना, तेव्हा स्वतःवरच खेकसल्या, "रडायचं तर पुसायची सोय बघून रडावं!"

स्पर्श कळे, पण गरम-गार कळेना. एकदा मांडीवर चहा सांडून कातडी लाल झाली, तरी बाई म्हणाल्या, "ओलं काय लागतंय?" नवरा हादरला. तेव्हापासून त्यांच्या आंघोळीचं पाणी तो आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघू लागला.

"लेक तान्ही होती तेव्हा कधी केलं नाहीत हो हे!"

व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट कडक होती. "बाई, आणखी एकदा."

"दमले गं."

"कारणं नकोत."

हे बाईंचंच ठेवणीतलं वाक्य. इतकं कडू असतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

काही महिन्यांनी वॉकर धरून त्या गल्लीत उतरल्या. बोटं पूर्ण सुधारली नव्हती. बटणं अजून नवराच लावी. शेजारच्या आजी काठी टेकत मागून आल्या आणि पुढे निघून गेल्या.

"जा, जा," बाई म्हणाल्या, "माझा अजून वॉर्मअप चाललाय."