सुनेच्या वर्गात बसलो तेव्हा

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पुढं मिठागरात गेलो आणि अंगात जोर होता तोवर मीठ ओढलं. आता पेणच्या घरात मी, मुलगा आणि सून असे तिघं राहतो. बायको शिमग्याच्या आधी गेली.

सून रोह्याला शाळेत इंग्रजी शिकवते, रोज गाडीनं जाऊन येऊन करते. तिला पुण्याला महिन्याभराचा एक कोर्स करायचा होता. इंग्रजी शिकवणाऱ्यांनाच तिथं शिकवायचं कसं ते नव्यानं शिकवतात, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत पिळून काढतात म्हणे. गेल्या वर्षी तिची सगळी तयारी झाली होती. पण बायकोचं दुखणं वाढलं आणि सुनेनं कोणाला न बोलता जायचं रद्द केलं. यंदा पुन्हा अर्ज केला. "ह्या खेपेला नाय झालं, तर मी परत त्या वाटेला जाणार नाय," असं ती मुलाला सांगत होती, ते मी ओटीवर बसून ऐकलं.

कोर्सला घेण्याआधी ते आपलं शिकवणं बघतात. समोर मोठी माणसं हवीत, त्यांना इंग्रजी येत नसावं आणि शिकवताना मराठीचा एक शब्द काढायचा नाही. तेवढं मोबाईलमध्ये भरून पाठवायचं. इंग्रजी न येणारी माणसं आमच्याकडं शोधावी लागत नाहीत. एक मी. दुसरी शेजारीण, हमरापूरच्या कारखान्यात गणपती रंगवते ती. तिसरी माझी बहीण. ती कासूहून माझ्या सोबतीला म्हणून आलेली, आणि सुनेवर नजर ठेवायला पण.

रविवारी दुपारी वर्ग भरला. डब्याला टेकून मोबाईल उभा केला. एक पेला, एक खुर्ची, एक स्टूल. पेला खुर्चीखाली ठेवा, स्टुलावर ठेवा, असं इंग्रजीत सांगायचं आणि आम्ही ते करायचं. शेजारणीला उठवलं, बहिणीला उठवलं. माझ्याकडं आली तेव्हा सून नुसती हसली, पेला माझ्या हातात आणून दिला आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी बसल्या जागेवरून तो शेजारच्या स्टुलावर ठेवला. "गुड, व्हेरी गुड," ती म्हणाली.

दोन-चार दिवसांनी पुण्याहून कोर्सच्या बाईंचा फोन आला. फोन ठेवून सून मोरीवर गेली आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"त्या आजोबांना तुम्ही एकदाही उठवलं नाहीत, म्हणाल्या. चुकले तरी गुड म्हणालात. ह्या रविवारी पुन्हा करून पाठवा, मग ठरवू."

"मग खरंच हाय ते."

"सासऱ्याला ऊठ-बस करायला लावू, बाबा? आत्यांच्या समोर?"

आमच्याकडं सून सासऱ्याला काम सांगत नाही. चहा निवत असला तरी "चहा ठेवलाय" असं भिंतीकडं बघून म्हणते. माझ्या बायकोनं माझ्या बापाशी जन्मभर तेच केलं. मला मात्र ती तोंडावर ऐकवायची. "तुम्हाला कळत नाय, गप बसा," हे रोजचंच. ती गेल्यापासून ह्या घरात मला कोणी चूक म्हटलेलं नाही. शर्ट उलटा घातला तरी मुलगा नजर फिरवतो. म्हातारा दुःखात आहे, सांभाळून घ्या, असं सगळ्यांनी ठरवलेलं. गोड बोलून माझं दुःख कमी होत नव्हतं, घर तेवढं आणखी रिकामं वाटत होतं.

"हे बघ," मी म्हटलं, "मला उठव. चुकलो तर चुकलो म्हण. मुकादमाच्या शिव्या खाऊन मोठा झालोय मी, तुझ्या इंग्रजीनं मला काय व्हायचंय?"

मग रोज ती रोह्याहून आली की आमची तालीम. बाकीच्यांना ती नावानं हाक मारायची, माझं नाव घ्यायला मात्र तयार होईना. शेवटी हाताचा पंजा पुढं करून मला उठवायचं असं ठरलं. पहिल्यांदा पंजा केला तो इतका हळू, की मला वाटलं माशी हाकलते.

रविवारी पुन्हा सगळे जमलो. तिनं पंजा केला, मी उठलो. ती काहीतरी म्हणाली. मी पेला खुर्चीवर ठेवला.

"नो," सून म्हणाली.

"अगो, सासऱ्याला नो म्हणतेस?" बहीण उठून उभी राहिली.

"तू बस. वर्ग चाललाय," मी म्हटलं. शेजारीण पदरात तोंड घालून हसत होती.

सून थांबली नाही. तिनं पेला पुन्हा माझ्या हातात दिला, पुन्हा तेच सांगितलं. मी पुन्हा खुर्चीवर. "नो. अंडर." ह्या खेपेला चेहरा कडक. खरं सांगतो, क्षणभर मला राग आला. मग तिनं तळहात दुसऱ्या तळहाताखाली धरून दाखवला, तेव्हा डोक्यात उजेड पडला. खाली वाकलो, गुडघा कडकन वाजला, पेला खुर्चीखाली सरकवला. तरी गुड नाही. तिनं पेला उचलून स्टुलावर ठेवला आणि माझ्याकडं बघत इंग्रजीत विचारलं, आता पेला कुठं? मी म्हटलं, "ऑन." मग कुठं ती गुड म्हणाली.

त्या आठवड्यात कळलं, तिला कोर्सला घेतलं. मुलानं पेढे आणले. बहीण म्हणाली, "वहिनीला जाऊन वर्स झालं नाय अजून आणि सून महिनाभर घराबाहेर? दादा, तुला कोण करून घालणार?"

"भात मी लावीन. करपला तर करपलेला खाईन. तुला नको असेल तर कासूची गाडी संध्याकाळी हाय."

ती गेली नाही. तोंड फुगवून बसली, आणि सून निघायच्या आदल्या दिवशी तिनंच सुकट भाजून डब्यात भरून दिली.

पेणच्या स्टँडवर सून माझ्या पाया पडली आणि पुण्याच्या एसटीत चढली. खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुरू झाली तसं तिनं डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या पॅसेंजरांसमोर मोठ्यानं म्हणाली, "बाबा, गुडघ्याला रोज तेल लावा. आणि दुपारचं उन्हात फिरू नका."

"बघू," मी म्हटलं.

"बघू नाय. लावायचं."

गाडी खोपोलीच्या रस्त्याला लागली. घरी परतताना वाटेत दुकान लागलं, तिथं मी तेलाची बाटली घेतली.