पंचामृतातली साखर

बिनसाखरेच्या थंड पेयाचा डबा दिसला की माझं डोकं फिरतं. लग्नात, मुंजीत, बारशाला, कुठंही. बायको म्हणते, "त्या डब्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" घोडं नाही, भाऊ मेला असता. आणि खरं सांगायचं तर डब्याच्या हातून नव्हे, माझ्या हातून. म्हणूनच राग जात नाही. दुसऱ्यावरचा राग माणूस दोन दिवसांत विसरतो.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. पेडण्याकडच्या आमच्या गावात मराठी शाळेत मास्तर होता, आणि निवृत्तीच्या आधीच त्याला मधुमेह जडला. आधी गोळ्या होत्या, मग सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. मी डिचोलीला खाणीच्या कचेरीत कारकून. शनिवारी घरी जायचं आणि दादाला शहाणपण शिकवायचं, हा माझा आठवड्याचा धंदा. चार इंग्रजी कागद टाईप करणारा माणूस घरात डॉक्टर समजला जातो, आणि मीही समजू दिलं.

दादाला गोडाचं भारी वेड. शाळा सुटली की नाक्यावरच्या दुकानात उभा राहून नारिंगी रंगाची बाटली एका दमात संपवायची, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. तो बंद झाला तेव्हा तो असा गप्प झाला, की वहिनी म्हणाली, "मी मेले तरी ह्यो माणूस इतको रडाचो नाय." मला काय ते दुःख बघवेना. मग कुणीतरी सांगितलं, हरमलला थंड पेयाचे डबे मिळतात, फिरंगी पर्यटकांसाठी येतात, गोड असतात पण साखर नसते. त्या काळी पेडण्याच्या बाजारात असलं काही मिळत नसे. मी स्कूटर काढली.

हरमलचा दुकानदार म्हणाला, "शुगरवाल्यांसाठी खास." हे वाक्य त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. डब्यावर तसं कुठंही लिहिलेलं नव्हतं. काय लिहिलंय ते वाचायला भिंग लागलं असतं, तेही इंग्रजीत. आमचं वेगळं राज्य व्हायच्या दिवसांत आम्ही कोकणी की मराठी म्हणून घराघरांत भांडलो होतो. दादा तर मोर्च्यात चालून घसा बसवून आला होता. आणि माणसाच्या पोटात जाणाऱ्या डब्यावर दोन्हींपैकी एकीचंही अक्षर नाही! तेव्हा मला ह्याचा राग आला नाही. तेव्हा मी दुकानदाराला विचारलं, "पुरा खोका घेतला तर कमी करशील?"

घरात माझा जयजयकार झाला. दादानं पहिला डबा फोडला, डोळे मिटून प्यायला आणि म्हणाला, "रे, साखर नाय मा ह्यात? मग आणखी एक दी." त्या दिवसापासून त्याच्या मनात एक विचित्र हिशेब सुरू झाला. डबा प्यायला की बाकीचं माफ. डब्याबरोबर दोन लाडू. डब्याबरोबर पाव आणि मुरांबा. पाहुणे तर त्याच्याहून वरचढ. "घ्या हो मास्तर, शुगर-फ्री घेतलाय मा, एक करंजी खाल्ली म्हणून काय जाता?" रक्तातली साखर तपासली की कागदावर पहिल्यापेक्षा जास्त, आणि आम्ही दोघे भाऊ तो कागद बघून लॅबवाल्याला शिव्या घालायचो. मशीन खराब आहे म्हणे!

मग ती चवथ आली.

आमच्या घरी गणपतीच्या पूजेला दादा बसतो. भटजी एक आणि घरं वीस-पंचवीस, म्हणून ते येतील तेव्हा पूजा. पूजा होऊन नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातल्या कुणाच्या तोंडात शितही जायचं नाही. पाणी चालतं, चहा चालतो. खाणं नाही. हा नियम कुणी केला ते ठाऊक नाही, पण आमच्या वडिलांच्या, आबांच्या वेळेपासून माझ्या आठवणीत तो मोडलेला नव्हता.

भटजींनी नऊची वेळ दिली होती. आठ वाजता मीच दादाच्या मागे लागलो. "दादा, इंजेक्शन चुकवायचं नाही. सणबीण इंजेक्शनाला कळत नाही." दादा म्हणाला, "अरे, पूजा होवंदे." मी म्हणालो, "नऊ वाजता पूजा, साडेनऊला तू जेवायला बसशील. घे." त्यानं घेतलं. किती छान बोललो मी! आजही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या कानफटीत द्यावीशी वाटते.

नऊ वाजले, दहा वाजले. भटजी खालच्या वाड्यावर होते. अकरा वाजता कळलं की तिथून दुसरीकडे गेले. दादाला भूक लागली होती. मी त्याला डबा दिला. पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून त्यानं दुसराही घेतला. स्वयंपाकघरात वहिनी आणि माझी बायको नेवऱ्या, पातोळ्या, पाच भाज्या करून घामानं निथळत होत्या. गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटोळीला केळ्यांचा घड, काकड्या, अंबाडे, नारळ लोंबत होते. इतकं खाणं घरात, आणि त्याच्या खाली भुकेला मधुमेही.

साडेबारा वाजता भटजी आले, घाईत. दादा पाटावर बसला. मी गणपतीच्या बाजूला समई सांभाळत उभा होतो. दादाच्या उघड्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. चवथीच्या दिवसांत उकाडा असतोच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग त्याच्या मुठीतल्या अक्षता गळायला लागल्या. भटजी म्हणाले, "मास्तर, संकल्प म्हणा, गोत्र सांगा." दादा त्यांच्याकडे बघत राहिला आणि एकदम खेकसला, "कसला गोत्र? तुमी कोण?" जन्मात कुणा भटजीला मोठ्या आवाजात न बोललेला माणूस.

तेव्हा मात्र मला कळलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, घाम फुटला, हात थरथरले, बडबडायला लागला, तर साखर उतरली समजा आणि लगेच गोड प्यायला द्या. मी धावलो. फ्रीज उघडला, गार डबा काढला, फोडला आणि दादाच्या तोंडाला लावला. वर भटजींना समजावलं, "पेय आहे हो, खाणं नव्हे, चालतं!" म्हणजे भाऊ चाललाय आणि मी शास्त्र सांभाळतोय.

दादा प्यायला. आम्ही वाट पाहिली. त्याची मान कलली. मी म्हणालो, "आणखी एक लागेल," आणि दुसरा डबा आणला.

वहिनी ओल्या हातांनी दारात आली. तिनं दादाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"भावोजी, ह्यात साखर नाय म्हणून तुमीच हरमलाहून हाडलात मा?"

ती मला बाजूला सारून पुढे गेली. पूजेच्या ताटात पंचामृताच्या पाच वाट्या होत्या. दूध, दही, तूप, मध, आणि पाचवीत साखर. दादाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. मी ज्या साखरेसाठी घरभर धावलो ती तिथं होती. तिनं साखर आणि मध फुलपात्रातल्या पाण्यात ओतला, बोटानं ढवळला आणि तीर्थाच्या पळीनं दादाला पाजायला लागली.

भटजी म्हणाले, "अहो, देवाचा अभिषेक व्हायचाय अजून…"

"तुमी फुडला म्हणा," वहिनी म्हणाली. "देवाक काय ता मी सांगतंय. हां, गिळा. आणखी एक. गिळा बघू."

पळीमागून पळी. दादा गिळत होता, एवढंच बरं. दहा-पंधरा मिनिटांनी त्यानं डोळे नीट उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पूजा झाली?" मी रडलो. भटजींनी नव्या साखरेनं पूजा पुरी केली आणि दक्षिणा न घेताच उठले. मागाहून वहिनीनं ती त्यांच्या घरी पोचवली, तो मान तिचाच.

दुसऱ्या दिवशी मी तावातावानं डॉक्टरांकडे गेलो. असलं पेय विकूच कसं देतात, म्हणालो. डॉक्टर माझ्यावरच उखडले. "साखर उतरलेली असताना ते देऊन काय उपयोग? पाणीच आहे ते, गोड लागणारं. आणि जेवण लांबणार हे ठाऊक असताना इंजेक्शन घ्यायला कुणी सांगितलं? आधी मला विचारायचं!" मी खिडकीबाहेर बघितलं. मग डॉक्टर शांत होऊन म्हणाले, "साखरेच्या बाटलीपेक्षा कधीमधी हे बरं. रक्तातली साखर त्यानं लगेच चढत नाही. पण ते औषध नव्हे, आरोग्याचंही नव्हे. रोज वर्षानुवर्षं प्यायलं तर काय होतं ते अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. जिभेची गोडाची सवय तशीच राहते आणि तुमच्यासारखी माणसं त्याच्या जिवावर लाडू खातात. तहान लागली तर पाणी द्या."

पाणी! ते आमच्या विहिरीत होतं. त्यासाठी हरमलला स्कूटर न्यावी लागली नसती.

उरलेले डबे फेकायला काढले तर वहिनीनं अडवले. एका समईवर ओतून घासून बघितलं. आमसुलानं निघते त्याच्यापेक्षा लखलखीत निघाली.

पुढच्या वर्षी चवथीला भटजी पुन्हा उशिरा येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इंजेक्शनचं काय करायचं ते दादानं आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं, मला नव्हे. सकाळी आठ वाजता वहिनीनं त्याच्यापुढे पोळी आणि अळसांद्यांची भाजी ठेवली. पोळी म्हणजे पोदेराकडची, पाव भाजणाऱ्याकडची, कोंड्याची. दादा गणपतीकडे बघत बसला.

"नैवेद्य जावंक नाय अजून."

"खावा."

"आबा असते तर…"

"आबांक शुगर नाय होती. खावा."

तो खाईपर्यंत ती तिथून हलली नाही. पहिला घास त्यानं बराच वेळ चघळला, जणू कुणी बघतंय. मग ताट पुसून खाल्लं.

एवढ्यात शेजारचा एक जण आरतीची वेळ विचारायला आला. हातात खोका. "मास्तरांसाठी खास आणलेत हां, शुगर-फ्री!" मी तोंड उघडलं होतं, चांगलं पाच मिनिटांचं भाषण तयार होतं. दादानं हात वर करून मला गप्प केलं.

"ठेव हो थंय," तो म्हणाला. "आमच्या समयो खंय घासल्यात अजून."